भंगारातल्या सामानातून वायरलेस गेम कंट्रोलर : हा जुगाड नेमका चालतो कसा?

घरात एक ड्रॉवर असतोच. त्यात बंद पडलेला गेमपॅड, तुटलेली रिमोटची गाडी, जुन्या लॅपटॉपची बॅटरी आणि कशाची आहे हे कुणालाच न आठवणारी वायर पडून असते. टाकवत नाही आणि वापरता येत नाही. पण बुलढाणा तालुक्यातल्या देऊळघाटसारख्या गावात राहणाऱ्या पोराला याच ड्रॉवरमधून वायरलेस गेम कंट्रोलर बनवता येतो. नवीन विकत घ्यायचा असतो तो फक्त एक छोटा बोर्ड, तोही काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळतो.

भंगारातलं काय कामाला येतं?

सगळ्यात मोलाचा असतो तो बंद पडलेला वायरचा गेमपॅड. बहुतेक वेळा त्याची केबल किंवा आतली चिप गेलेली असते. बॉडी, बटणं आणि दोन्ही जॉयस्टिक शाबूत असतात. जॉयस्टिकच्या आत दोन व्हेरिएबल रेझिस्टर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण फिरतं, तोच हा प्रकार.

रिमोटच्या गाडीतून सेलचा डबा, स्विच आणि वायरी मिळतात. तिचं रेडिओ सर्किट मात्र सहसा उपयोगाचं नसतं, कारण ते फक्त आपल्या गाडीशी बोलतं, फोनशी नाही.

मग मेंदू कुठून आणायचा?

इथे लागतो ईएसपी३२ नावाचा बोर्ड. त्याच्या चिपमध्ये प्रोसेसर, वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र असतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि त्यासाठी वापरणाऱ्याला परवाना काढावा लागत नाही. घेताना एक बघायचं : ईएसपी३२-एस२ या मॉडेलमध्ये ब्लूटूथच नाही. नाव सारखं दिसतं म्हणून अनेकजण फसतात.

बोट हललं की फोनला कळतं कसं?

जॉयस्टिकच्या दोन टोकांना ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड जोडतात. मधल्या पिनवर येणारा व्होल्टेज काडी हलेल तसा बदलतो. बोर्ड त्याचं ० ते ४०९५ अशा आकड्यात रूपांतर करतो. काडी मध्यावर असली की आकडा २०४८ च्या आसपास असतो. ५ व्होल्ट जोडायची चूक मात्र करायची नाही, त्याने पिन जळू शकते.

बटणाचं गणित अजून सोपं आहे. दाबलं की पिन ग्राउंडला जोडली जाते आणि बोर्डला इशारा मिळतो. फक्त ३४ ते ३९ क्रमांकाच्या पिनांवर बटणं लावायची नाहीत. त्या पिनांमध्ये आतला पुल-अप रेझिस्टर नसतो, त्यामुळे बटण न दाबताच दाबल्यासारखं होतं. जॉयस्टिकसाठी मात्र याच पिना चांगल्या.

हे सगळे आकडे बोर्ड 'एचआयडी' या ठरलेल्या भाषेत पाठवतो. कीबोर्ड आणि माऊसही हीच भाषा बोलतात. म्हणून फोनला वेगळं ॲप लागत नाही, ब्लूटूथच्या यादीत थेट गेमपॅड दिसतो. अर्थात, प्रत्येक मोबाईल गेम कंट्रोलर स्वीकारतोच असं नाही, ते आधी तपासलेलं बरं.

काडी सोडली तरी गाडी वळतेच?

याला ड्रिफ्ट म्हणतात. जुनी जॉयस्टिक घासली गेली की मध्याचा आकडा २०४८ वर न थांबता इकडेतिकडे सरकतो. उपाय प्रोग्राममध्येच आहे : मध्याच्या जवळपासचे आकडे शून्य धरायचे. याला 'डेड झोन' म्हणतात. तो फार मोठा ठेवला तर बारीक हालचाल हरवते, म्हणून थोडा थोडा वाढवत बघायचा.

खरा धोका कुठे आहे?

बॅटरीत. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत बहुधा १८६५० प्रकारचे लिथियम सेल असतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. पॅक फोडताना स्क्रू ड्रायव्हर सेलमध्ये घुसला किंवा दोन टोकं एकमेकांना लागली तर आग लागू शकते. फुगलेला, गंजलेला किंवा २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल चार्ज करायचाच नाही. तो कचऱ्यात किंवा चुलीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा.

शिवाय लिथियम सेल जोडला तरी अडचण येते. अनेक बोर्डांवरच्या रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी वर साधारण एक व्होल्ट जादा लागतो. सेल देतो ३.७, म्हणून ब्लूटूथ सुरू होताच बोर्ड रीसेट होत राहतो. लोक प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात, दोष मात्र वीजपुरवठ्याचा असतो.

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सोपी वाट म्हणजे चार पेन्सिल सेल. खेळण्यातल्या डब्यात बसवले की ६ व्होल्ट मिळतात. ते बोर्डच्या ५ व्होल्टच्या (व्हीआयएन) पिनला द्यायचे, ३.३ च्या पिनला नाही. त्या वेळी यूएसबी केबल काढून ठेवायची.

एवढा खटाटोप कशासाठी?

तयार कंट्रोलर बाजारात मिळतोच. पण हाताने करत शिकण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळमध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ मध्ये फॅब लॅब आली, अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या जगातल्या सुरुवातीच्या लॅबपैकी एक. अरविंद गुप्ता यांनी तर पुण्यात बसून टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवायला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं.

ज्या पोराने एकदा स्वतः जॉयस्टिकचा आकडा वाचला, त्याला विहिरीतली पाण्याची पातळी किंवा शेतातली ओल मोजणारं यंत्र परकं वाटत नाही. तिथेही सेन्सरचा बदलता व्होल्टेजच वाचायचा असतो. फरक इतकाच की तिथे आकडा चुकला तर गेम नाही, पाणी वाया जातं.