फेअरिंग नसलेली मोटारसायकल आणि वाऱ्याचा रेटा

कर्नाटकातील बंगळुरू शहर जिल्ह्याच्या आनेकल तालुक्यातून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो. बोम्मसंद्र आणि जिगणी येथील औद्योगिक वसाहतींत आणि इलेक्ट्रॉनिक सिटीत काम करणारे असंख्य कर्मचारी या परिसरात दररोज दुचाकीने ये-जा करतात. त्यांच्या बहुतांश मोटारसायकलींना वारा अडवणारे पुढचे आवरण, म्हणजेच फेअरिंग, नसते. गावातील रस्त्यावर ही उणीव जाणवत नाही. चंदापूर ओलांडून महामार्गाला लागल्यावर मात्र चालकाला वाऱ्याचा रेटा थेट छातीवर झेलावा लागतो आणि वाहनावरील नियंत्रणाचा प्रश्न उभा राहतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. सरळ बसलेल्या चालकाच्या शरीराचा सुमारे ०.४ चौरस मीटर भाग वाऱ्यासमोर येतो असे धरले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला त्याच्यावर साधारण ६ किलो वजनाइतका दाब पडतो. ताशी ८० किलोमीटरला तो ११ किलोपर्यंत, तर १०० किलोमीटरला १७ किलोपर्यंत जातो. आनेकल समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील हवा मुंबईच्या तुलनेत सुमारे दहा टक्के विरळ आहे आणि हे आकडे त्या हवेसाठीचे आहेत. कोकणातील रस्त्यावर याच वेगाला रेटा थोडा अधिक भरेल.

हा विरोध कापण्यासाठी लागणारी शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरला मोटारसायकल आणि चालक मिळून केवळ हवेशी झगडण्यात जवळपास ५ अश्वशक्ती खर्ची पडते. शंभर सीसीच्या सर्वसाधारण इंजिनाची एकूण क्षमताच ८ अश्वशक्तीच्या आसपास असते. अशी वाहने सपाट रस्त्यावर शंभरी का गाठू शकत नाहीत आणि महामार्गावर त्यांना पेट्रोल अधिक का लागते, याचे उत्तर मुख्यतः यात आहे.

अकरा किलोचा रेटा शरीराला पेलवत नाही असे नाही. खरा धोका तो पेलण्याच्या पद्धतीत आहे. वारा छातीला मागे ढकलतो आणि चालक नकळत हँडल घट्ट धरून त्याला लोंबकळू लागतो. हात ताठ होतात. मग वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर शरीराला बसणारा हिसका थेट हँडलमध्ये उतरतो आणि वाहन डोलू लागते. घाबरलेला चालक पकड आणखी आवळतो, त्यामुळे डोलणे थांबण्याऐवजी वाढते.

यावरील उपाय गुडघ्यांपासून सुरू होतो. पेट्रोलची टाकी दोन्ही गुडघ्यांनी घट्ट धरावी, कमरेतून किंचित पुढे झुकावे, कोपरे वाकलेली व सैल ठेवावीत आणि हनुवटी थोडी खाली घ्यावी. शरीराचा भार पाय, मांड्या आणि पोट यांनी तोलला की हँडलवरील पकड हलकी ठेवता येते. प्रारंभी मांड्या भरून येतात, परंतु काही दिवसांत सवय होते.

आषाढातील वाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. जून ते ऑगस्ट या काळात बंगळुरू परिसरात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. होसूरहून बंगळुरूकडे येणारा महामार्ग साधारण वायव्येकडे जात असल्याने शहराकडे निघालेल्या चालकाला हा वारा डावीकडून, तिरका समोरून लागतो. ताशी २० किलोमीटरचा वारा थेट समोरून आला, तर काटा ८० दाखवत असतानाही शरीराला दाब १०० चा सोसावा लागतो. परतीच्या वाटेवर वारा उजवीकडून पाठीशी असतो. तेव्हा तो अंगाला कमी जाणवतो आणि वेगाचा अंदाज चुकतो.

डावीकडचा वारा वाहनाला उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनांच्या वाटेत, ढकलतो. अशा वेळी हँडलचा डावा भाग हलकेच पुढे दाबावा; मोटारसायकल वाऱ्याच्या दिशेने किंचित कलते आणि सरळ चालते. मालमोटार ओलांडताना मात्र विशेष सावध राहावे लागते. तिच्या आडोशाला असेपर्यंत वारा थांबलेला असतो. पुढे निघताच झोत एकदम अंगावर येतो. २०१० मध्ये खुल्या झालेल्या इलेक्ट्रॉनिक सिटी उन्नत मार्गावर इमारतींचा आडोसाही फारसा नाही.

मग फेअरिंगच का बसवू नये? त्याचे उत्तर इतिहासात आहे. इटलीतील मोटो गुझ्झी कंपनीने १९५० मध्ये स्वतःचा वातबोगदा उभारला आणि त्या दशकात शर्यतीच्या गाड्या पुढच्या चाकासह आवरणात झाकल्या जाऊ लागल्या. त्यांचा वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात त्या आवरे‍नात. अखेर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५७ च्या हंगामानंतर अशा पूर्ण आवरणांवर बंदी घातली. आजची आवरणे बरीच सुधारलेली आहेत. तरीही बाजूचे क्षेत्रफळ जितके अधिक, तितका आडवा वारा अधिक लागतो हे सूत्र कायम आहे. या बाबतीत उघडी मोटारसायकल उजवी ठरते.

मधला मार्ग म्हणजे छोटी पारदर्शक काच. पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या डॉमिनार ४०० या मोटारसायकलीला बजाज कंपनीने २०२१ मध्ये कारखान्यातूनच उंच काच बसवून देण्यास सुरुवात केली. बाजारातून मिळेल ती काच लावून मात्र भागत नाही. काचेच्या कडेवरून उसळणारी हवा छातीच्या वरच्या भागावर आली तर ठीक. ती हेल्मेटवर आदळली तर डोके सतत हादरत राहते आणि काच नसलेली बरी असे वाटू लागते. हँडलला जोडलेली मोठी काच तर आडव्या वाऱ्यात हँडलच फिरवू पाहते.

कपड्यांचा प्रश्न साधा आहे. फुगणारे जॅकेट, फडफडणारा रेनकोट आणि पाठीवरची सैल पिशवी शरीराला मागे ओढतात. सर्व पट्टे आवळलेले असावेत. हेल्मेट संपूर्ण चेहरा झाकणारे आणि भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेले हवे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी बिगर-प्रमाणित हेल्मेट विकण्यास मनाई आहे. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटमधील वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. रोज तासन्‌तास तो कानावर पडल्यास श्रवणशक्तीवर परिणाम होऊ शकतो.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गांवर दुचाकींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. स्थानिक प्रशासन ती आणखी कमी ठेवू शकते. पंचवीस किलोमीटरचे अंतर ८० ऐवजी १०० च्या वेगाने कापल्यास जेमतेम पावणेचार मिनिटे वाचतात, तर छातीवरील रेटा अकरा किलोवरून सतरा किलोवर जातो. पुण्याहून सातारा, कोल्हापूर, बेळगावमार्गे बंगळुरूकडे निघणाऱ्या दुचाकीस्वारांना हाच हिशेब दिवसभर पुरवावा लागतो. चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागल्या की वेग उतरवून, गुडघ्यांची पकड घट्ट करून आणि हात सैल सोडून पुढे जाणे श्रेयस्कर.