फौजेतून आल्यावर शिक्षण: माजी सैनिकांच्या घराला काय मिळू शकते आणि ते हातातून का जाते?

तासगाव : सातारा-सांगली पट्ट्यात फौजेत जाण्याची परंपरा जुनी आहे आणि आपल्या समाजातील घरेही त्यात आहेत. जवान पंधरा-वीस वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आसपास घरी येतो. पेन्शन सुरू होते, द्राक्षबाग असेल तर तिकडे लक्ष जाते किंवा कुठेतरी सिक्युरिटीची नोकरी धरली जाते. तेवढ्यात मुलगी बारावी होते, मुलगा डिप्लोमाला जातो आणि फीचा प्रश्न उभा राहतो. स्वतःचं अर्धवट राहिलेलं शिक्षणही मनात सलत असतं.

अशा वेळी "सरकारकडून काहीतरी मिळतं म्हणे" इतकंच ऐकलेलं असतं. नेमकं काय मिळतं, ते समजून घेऊ.

आधी स्वतः सैनिकाचं शिक्षण

अमेरिकेत १९४४ च्या 'जीआय बिल' कायद्यापासून फौजेतून परतलेल्या माणसाच्या स्वतःच्या कॉलेजचा खर्च सरकार उचलत आले आहे. तिथले अनेक माजी सैनिक घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकतात. आपल्याकडे तसा एकच मोठा कायदा नाही. इथे पैशाची मदत मुख्यतः मुलांना आणि वीरपत्नींना आहे. सैनिकासाठी वेगळे, छोटे रस्ते आहेत.

पहिला रस्ता नोकरीत असतानाच सुरू होतो. संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या तोंडावर असलेल्या जवानांसाठी अभ्यासक्रम चालवते. जेसीओ आणि जवानांना त्याची फी भरावी लागत नाही. जो अजून नोकरीत आहे त्याने ही संधी सोडू नये.

दुसरा मुद्दा फार गोंधळाचा आहे. दहावी झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला पदवीची अट असलेल्या गट-क च्या काही पदांसाठी अर्ज करता येतो. तलाठी भरतीच्या जाहिरातीतही ही तरतूद दिसते. त्यामुळे बरेच जण समजतात, "मी ग्रॅज्युएट झालो." तसं नाही. ही सवलत नोकरीच्या फॉर्मपुरती आहे. उद्या एमए, बीएड किंवा एलएलबीला प्रवेश घ्यायचा तर विद्यापीठाची खरी पदवी लागते.

२००९-१० च्या सुमारास इग्नू आणि भूदलाने 'ज्ञानदीप' उपक्रम सुरू केला होता. त्यात फौजेतल्या प्रशिक्षण केंद्रांना कम्युनिटी कॉलेज मानून जवानांना प्रमाणपत्रे दिली गेली. कुणाच्या पेटीत 'असोसिएट डिग्री' असेल तर ती तीन वर्षांच्या पदवीइतकी धरू नका. तिचा पुढे कितपत उपयोग होईल, हे प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा.

ज्याला खरोखर शिकायचं आहे त्याच्यासाठी सरळ वाट अशी : बारावी नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करायची. मग इग्नू, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा जवळच्या कॉलेजातून पदवी. वयाची लाज बाळगायचं कारण नाही.

मुलांसाठी आणि वीरपत्नींसाठी

*प्रधानमंत्री शिष्यवृत्ती योजना.* केंद्रीय सैनिक बोर्डाची ही योजना २००६-०७ पासून आहे. दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या असतात, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. मुलींना महिन्याला ३,००० रुपये आणि मुलांना २,५०० रुपये. म्हणजे बी.फार्म करणाऱ्या मुलीला चार वर्षांत १,४४,००० रुपये होतात. अट अशी की शिक्षण व्यावसायिक पदवीचे हवे (इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, बीएड, बीबीए, बीसीए वगैरे) आणि पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण हवेत. पुढे दरवर्षी ५० टक्के टिकवावे लागतात. शहीद आणि जखमी सैनिकांच्या कुटुंबांना प्राधान्य असते, त्यानंतर अधिकारी पदाखालील इतर माजी सैनिकांच्या मुलांचा नंबर लागतो.

*रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधी.* मुलगा साध्या बीए, बीकॉमला आहे किंवा अजून शाळेत आहे, तर हा रस्ता. हवालदार किंवा त्याखालील पदावरून आलेल्यांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत मदत मिळते. पतीच्या मागे शिकू इच्छिणाऱ्या पत्नीला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीही मिळते. आधी ही रक्कम महिन्याला १,००० रुपये होती. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ती २,००० झाली आहे. दोन मुलांचे वर्षाला ४८,००० रुपये होतात. वर्ग पास झाल्यावर त्याची गुणपत्रिका जोडून अर्ज करायचा असतो.

*राज्याच्या सवलती.* महाडीबीटी पोर्टलवर उच्च शिक्षण विभागाच्या यादीत माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी शैक्षणिक सवलत आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सीईटी प्रवेशात 'डिफेन्स' प्रवर्ग असतो. महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुले 'डेफ-१' मध्ये येतात. फॉर्म भरतानाच हा रकाना निवडावा लागतो. नेट कॅफेवाल्याला ते माहीत असेलच असं नाही, म्हणून आपण सांगायचं. सैनिक कल्याण विभागाची मुला-मुलींची वसतिगृहे बऱ्याच जिल्ह्यांत आहेत, त्यांचीही चौकशी करावी.

आपल्या मुलांना अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचाही पर्याय असतो. दोन्हीकडे अर्ज करण्याआधी एकाच वर्षी दोन सरकारी लाभ चालतात का, ते विचारून घ्या. चालत नसतील तर जास्त रकमेचा निवडा.

खरी अडचण : नाव

आता आपल्या घरांतली खास गोष्ट. योजना माहीत असते, गुण असतात, तरी अर्ज परत येतो. कारण फौजेच्या रेकॉर्डमध्ये नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. कुठे 'शेख' आधी, कुठे शेवटी. कुठे 'अब्दुल रहमान' दोन शब्दांत, कुठे एकत्र. 'मोहम्मद'चं स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. निकाहानंतर बायकोचं नाव बदललं, पण युनिटला कळवलं नाही. एखाद्या मुलाचा जन्म 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये नोंदवायचाच राहून गेला.

ही दुरुस्ती आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधून होते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव, तोफखान्याला नाशिक रोड, ग्रेनेडिअर्सना जबलपूर. त्याला महिने लागतात. मुलीचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू केली तर अर्जाची मुदत निघून जाते आणि ते वर्ष गेलं ते गेलं. सैनिक हयात असताना हे काम त्याच्या सहीने सोपं होतं. तो गेल्यावर विधवा बहिणीला प्रत्येक टेबलावर सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं.

आज काय करायचं?

डिस्चार्ज बुक, पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, सगळ्यांची आधार कार्डे, मुलांचे शाळेचे दाखले आणि बँक पासबुक एका जागी मांडा. प्रत्येक नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्ज कसा पाठवायचा ते तिथे सांगतात, डिफेन्स प्रवर्गाचे प्रमाणपत्रही तिथूनच मिळते. केंद्राच्या दोन्ही योजनांचे अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचे असतात. कॉलेजचे बोनाफाईड वेळेत घ्या.

अग्निवीरांच्या पालकांसाठी

अग्निपथ योजनेतली पहिली मुले २०२२ च्या अखेरीस भरती झाली. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. त्यातून जे घरी परततील त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, म्हणून वरच्या योजना त्यांना लागू होतील असं धरून चालू नका. त्यांच्यासाठी इग्नूची खास पदवी आहे, तिचे ५० टक्के क्रेडिट फौजेतल्या प्रशिक्षणातून मिळतात. दहावीवर गेलेल्यांना मुक्त विद्यालयातून बारावी करता येते. मुलगा ड्युटीवर असतानाच त्याला नोंदणीबद्दल विचारा.

बरीच माणसं कार्यालयात जायला संकोचतात, मागायला गेल्यासारखं वाटतं म्हणतात. ही काही खैरात नाही. सियाचीनपासून राजस्थानपर्यंत घालवलेल्या वर्षांचा तो हक्क आहे. आपल्या मोहल्ल्यात एखादी वीरपत्नी किंवा म्हातारे फौजी चाचा असतील, तर या जुम्याला नमाजनंतर त्यांच्या घरी जाऊन एवढंच विचारा : "डिस्चार्ज बुकात मुलांची नावं बरोबर आहेत का?"