मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल आणि तिचा खर्च

मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्यावर पैसे देण्याचे कायदेशीर बंधन सहसा नसते. ते वापरावे, त्याचा मूळ कोड वाचावा, बदलावा, पुढे वाटावा, एवढी मोकळीक परवान्यातच दिलेली असते. हैदराबादमध्ये २००५ साली याच विचारातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे नाव ‘स्वेच्छा’ आहे. तेलुगूत या शब्दाचा अर्थ स्वातंत्र्य. तिच्या स्वयंसेवकांनी लिनक्सवर आधारलेली संगणक प्रणाली तेलुगूत आणली. शब्द ठरवणे, भाषांतर तपासणे, नवख्यांना शिकवणे या कामांत घातलेला वेळ हीसुद्धा देणगीच आहे, आणि ती कमी मोलाची नाही.

पण सॉफ्टवेअर एकदा लिहून झाले की काम संपले, असे होत नाही. विहिरीतला गाळ वेळोवेळी उपसावा लागतो, तशीच त्याचीही निगा राखावी लागते: त्रुटी बुजवायच्या, नव्या यंत्रांशी जुळवून घ्यायचे, आलेल्या तक्रारी तपासायच्या. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही आणि नुसत्या हौसेवर ते वर्षानुवर्षे रेटताही येत नाही. ‘ओपनएसएसएल’चे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. इंटरनेटवरील असंख्य संकेतस्थळांची माहिती गुप्त ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरला वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर देणगी मिळत असे. एप्रिल २०१४ मध्ये त्यातील ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघड झाली. सर्व्हरच्या स्मृतीतील पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेरच्याला वाचता येतील, इतकी ती गंभीर होती. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने अशा प्रकल्पांसाठी निधी उभा राहिला. पैसे देणाऱ्यांत गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनही होत्या. 

घरी लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अर्ज टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याकडून पैशाची अपेक्षा धरणे योग्य नाही. त्याने आढळलेली चूक नीट कळवली तरी पुष्कळ झाले. ज्यांचा धंदाच या कोडवर चालतो, त्यांची गोष्ट वेगळी. फुकट मिळालेल्या पायावर इमारत बांधून भाडे घेणाऱ्याने पायाच्या डागडुजीचा वाटा उचललाच पाहिजे. तसे करता येते, हे बेंगळुरूच्या झेरोधा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये दाखवले: जगभरातील मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांसाठी तिने दरवर्षी १० लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ जाहीर केला. त्यातून एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर मिळू शकतात.