रेल्वेच्या पाच आकड्यांतून शिका दुकानाचा आयटम कोड

मागच्या व्हिडिओत आपण स्टॉक रजिस्टर बघितलं. खाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, आयटम कोड बनवायचा कसा?" त्याचं चांगलं उत्तर आपल्या धामणगाव स्टेशनवर मिळतं. यवतमाळहून मुंबईला माल आणायला जाताना आपण तिथूनच गाडी पकडतो ना? मग त्या गाडीचा नंबर जरा नीट वाचू या.

विदर्भ एक्सप्रेसचा नंबर १२१०५. हा नुसता अनुक्रमांक नाही, यातला जवळपास प्रत्येक आकडा काहीतरी सांगतो.

पहिला आकडा गाडीचा प्रकार. १ किंवा २ म्हणजे लांब पल्ल्याची मेल-एक्सप्रेस, ५ म्हणजे पॅसेंजर, ६ मेमू, ७ डेमू आणि ९ म्हणजे मुंबईची लोकल. ० म्हणजे स्पेशल गाडी. कोरोनात नेहमीच्याच गाड्या स्पेशल म्हणून धावत होत्या, म्हणून त्यांच्या नंबरात पुढे ० आला होता, आठवतं?

एक्सप्रेस गाडीत दुसरा आकडा साधारणपणे झोन सांगतो. महाराष्ट्र एक्सप्रेस ११०३९, म्हणजे मध्य रेल्वे. आपल्या वणीवरून जाणारी नंदीग्रामही ११ वालीच. पण दुसरा आकडा २ असला तर गाडी सुपरफास्ट, आणि मग झोन तिसऱ्या आकड्यात बघायचा. विदर्भ १२१०५, तिसरा आकडा १, म्हणजे मध्य रेल्वे. वर्ध्याला थांबणारी गीतांजली १२८५९, तिसरा आकडा ८, म्हणजे दक्षिण पूर्व रेल्वे.

यात पैशाचीही गोष्ट आहे. सुपरफास्टला स्लीपरच्या प्रत्येक तिकिटामागे ३० रुपये जादा लागतात. चार जण निघाले की १२० रुपये. नंबर वाचता आला तर हे तिकीट काढायच्या आधीच कळतं.

शेवटचा आकडा दिशेसाठी कामाचा. १२१०५ मुंबईहून गोंदियाला जाते, १२१०६ गोंदियाहून मुंबईला. नाव एकच, पण नंबर दोन. नंबराला तारीख जोडली की नेमकी कोणत्या दिवशीची गाडी तेही पक्कं होतं. फक्त मोबाइलवर गाडी कुठवर आली ते बघताना गाडी पहिल्या स्टेशनवरून सुटल्याची तारीख टाका, तुमच्या स्टेशनवर येण्याची नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाव असताना एवढी भानगड कशाला? १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्टेशनवर कुंभमेळ्याच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि १८ माणसं गेली. त्या वेळी दिल्ली पोलिसांनी सांगितलं की 'प्रयागराज एक्सप्रेस' आणि 'प्रयागराज स्पेशल' या सारख्या नावांमुळे लोकांचा गोंधळ उडाला. गर्दी तर होतीच. पण घाईत माणूस नावाचा अर्धाच भाग ऐकतो, हे लक्षात ठेवा.

दुकानात जीव जात नाही, पैसा जातो. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणतो, "एल्बो द्या." कोणता? जीआय, यूपीव्हीसी की सीपीव्हीसी? अर्धा इंच की पाऊण? पोरगा घाईत चुकीचा देतो, बिल भलत्याच मालाचं बनतं आणि वर्षअखेरीस स्टॉक जुळत नाही.

मग रेल्वेसारखाच कोड करा:

१. पहिला आकडा विभाग: १ प्लंबिंग, २ इलेक्ट्रिक, ३ रंग.
२. दुसरा मटेरियल: १ जीआय, २ सीपीव्हीसी, ३ यूपीव्हीसी.
३. तिसरा वस्तू: १ एल्बो, २ टी, ३ सॉकेट.
४. शेवटचे दोन साइज: १५ म्हणजे अर्धा इंच, २० म्हणजे पाऊण.

झाला १२११५: प्लंबिंग, सीपीव्हीसी, एल्बो, अर्धा इंच. नवीन पोरगाही आठवड्याभरात वाचायला लागेल.

रेल्वेकडून अजून तीन गोष्टी घ्या.

एक, जागा ठेवा. रेल्वेचे नंबर आधी चार आकडी होते. गाड्या वाढल्या, नंबर पुरेनात, म्हणून २० डिसेंबर २०१० पासून देशभर पाच आकडी केले. आज दुकानात दोनशे वस्तू असतील, उद्या दोन हजार होतील. म्हणून सुरुवातच पाच आकड्यांनी करा.

दोन, ० राखून ठेवा. गिऱ्हाइकाने खास ऑर्डर देऊन मागवलेला माल ० ने सुरू करा. बिलावर ० दिसला की हा माल परत घ्यायचा नाही, हे गल्ल्यावरच्या माणसाला विचारावं लागणार नाही.

तीन, अपवाद येतील, घाबरू नका. बिलासपूर-नागपूर वंदे भारतचा नंबर २०८२५ आहे. दुसरा आकडा ० असला तरी तिचा कोकण रेल्वेशी काही संबंध नाही. नियम थोडा वाकला तरी चालेल, पण एक नंबर दोन वस्तूंना कधीच द्यायचा नाही. हा नियम मोडला की बाकी सगळी मेहनत वाया.

आज रात्री शटर पाडायच्या आधी सगळ्यात जास्त विकणाऱ्या वीस वस्तू वहीत लिहा आणि त्यांना कोड द्या. सगळं दुकान एका दिवसात करायला जाऊ नका, अर्धवट राहतं. कपड्याचं, किराण्याचं किंवा कृषी केंद्राचं दुकान असेल तर पहिले तीन आकडे कशाचे ठेवाल ते कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातलेच कोड घेऊन बसू.