दोन थरांची हद्द

संत कान्हूराज पाठकांचे केंदूर हे शिरूर तालुक्यातील पर्जन्यछायेचे गाव. पावसाच्या बाबतीत निसर्ग येथे जितका कद्रू, तितकाच उन्हाच्या बाबतीत उदार. या उन्हाची वसुली आजवर सिलिकॉनच्या पॅनेलांनी केली. तीत भर घालू पाहणारा नवा हक्कदार म्हणजे पेरोव्स्काईट हा स्फटिकी पदार्थ, आणि त्याची तपासणी नेटाने चालते ती पवईच्या आयआयटीत 2010 साली निघालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्रात, जेथे प्रा. दिनेश काब्रा व त्यांचे सहकारी सिलिकॉनवर पेरोव्स्काईटची जोड चढवून दोहोंकडून काम घेतात.

शिसे व आयोडीन यांच्या क्षारांचे पिवळे द्रावण काचेवर टाकून काच गरगर फिरवावी, फिरता फिरताच वरून दुसरा द्रावक सोडावा आणि सुमारे 100 अंशांच्या तापपट्टीवर ठेवावे, की पेरोव्स्काईटचा लेप पाहता पाहता काळसर तपकिरी होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. सारे कर्तृत्व या लेपाचे, असा सार्वत्रिक समज आहे. मला मात्र ते शेजारच्या थरांशी लागलेल्या त्याच्या दोन हद्दींचे वाटते. 2009 साली जपानात संशोधक मियासाका यांच्या पेरोव्स्काईट घटाने जेमतेम 3.8 टक्के प्रकाशाची वीज केली, कारणांपैकी एक हेच की शेजारचा विद्युत्वाही द्रव लेपालाच विरघळवून टाकी. 2012 साली त्या द्रवाच्या जागी घन सेंद्रिय थर येताच आकडा 10 टक्क्यांच्या घरात गेला.

प्रकाश पडला की लेपात इलेक्ट्रॉन व त्यांच्या जाण्याने उरलेल्या धनभारित पोकळ्या मोकळ्या होतात. पुढे कथिलाच्या ऑक्साइडचा थर जकातनाक्याप्रमाणे इलेक्ट्रॉनांना सोडतो व पोकळ्यांना अडवितो; पलीकडचा थर नेमके उलट करतो. दोहोंच्या ऊर्जापातळ्या जुळल्या नाहीत तर कोठे विद्युद्दाब बुडतो, कोठे प्रवाह तुंबतो. शिवाय लेपाच्या पृष्ठभागी जोडीदाराविना राहिलेले शिशाचे अणू इलेक्ट्रॉनांना धरून ठेवतात, तेथे पोकळीशी गाठ पडते, आणि मिळकत उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते. यावर लिथियम फ्लोराइडचा नॅनोमीटरभर पापुद्रा घालतात. पण तो मुळात विद्युद्रोधक, त्यामुळे थोडा जाड झाला की औषधच वाट अडविते.

आणि उन्हातान्हाचे काय? तापल्यावर लेपातले आयोडाइड शेजारचा थर ओलांडून चांदीच्या विद्युदग्रापर्यंत पोचते व चांदीचे आयोडाइड बनविते. प्रयोगशाळेच्या कसोटीत 85 अंश उष्णता व 85 टक्के आर्द्रता यांत 1000 तास काढावे लागतात. केंदूरच्या माळावरील पॅनेलाला मात्र पंचवीस उन्हाळे काढायचे असतात.