‘सेल्फी काढला’ की ‘सेल्फी काढली’? इंग्रजी शब्दांचं मराठीतलं लिंग कोण ठरवतं?

रविवारची सकाळ, उडप्याच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं टेबल आणि चार मित्रमैत्रिणी. एकीनं फोन उंच धरून सगळ्यांना त्यात बसवलं आणि म्हणाली, “मस्त आला सेल्फी!”

“आला? अगं, आली म्हण. ती सेल्फी,” समोरच्यानं टोकलं.

“फोटो तो, मग सेल्फी पण तोच.”

“छत्री ती, खुर्ची ती, मग सेल्फी पण तीच!”

तिसऱ्या मैत्रिणीनं दोन्ही बाजूंना मान डोलावली. चौथा मित्र मूळचा कर्नाटकातला. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी महाराष्ट्रात आलेला आणि हट्टानं मराठी शिकणारा. तो म्हणाला, “सेल्फीचं नंतर बघू. या ताटलीतला डोसा ‘तो’ आणि इडली ‘ती’, हे तुम्हाला कळतं कसं? आमच्या कन्नडमध्ये दोन्ही ‘अदु’, म्हणजे ‘ते’.”

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. रोज बिनचूक बोलणाऱ्यांनाही आपण कोणत्या नियमानं बोलतो हे सांगता येत नाही, ही मातृभाषेची गंमतच आहे. पण नियम आहेत. फक्त ते एकापेक्षा जास्त आहेत आणि कधी कधी ते आपापसातच भांडतात.

लिंग ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही

संस्कृतमधली तीन लिंगं मराठीनं टिकवली. गुजराती आणि कोकणीनंही टिकवली. हिंदीत मात्र नपुंसकलिंग उरलं नाही, दोनच लिंगांवर काम चालतं. कन्नड आणि तमिळमध्ये माणसांपुरताच स्त्री-पुरुष भेद आहे, निर्जीव वस्तू सगळ्या एकाच गटात.

मराठीत वस्तूंनाही तीनपैकी एक खाना मिळतो आणि त्यात तर्क शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. एकाच चेहऱ्यावर डोळा ‘तो’, जीभ ‘ती’ आणि नाक ‘ते’. पुरुषी रुबाबाच्या खुणा मानल्या जाणाऱ्या दाढी आणि मिशी, दोन्ही स्त्रीलिंगी.

शब्द बाहेरून आला तरी त्याला हा खाना मिळावाच लागतो, कारण मराठीत विशेषण, ‘माझा-माझी-माझं’ आणि बऱ्याचदा क्रियापदही नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. रेल्वे प्रवासातली तीन वाक्यं पाहा: ट्रेन आली, प्लॅटफॉर्म बदलला, तिकीट हरवलं. तीनही शब्द इंग्रजीतून आलेले, आणि इंग्रजीत यातल्या एकालाही व्याकरणातलं लिंग नाही. मराठीत येताच एक ‘ती’ झाली, एक ‘तो’ झाला आणि एक ‘ते’ झालं.

इथे एक बारीक मेख आहे. ‘मी डोसा खातो’ आणि ‘मी इडली खातो’ यांत क्रियापद सारखंच राहतं, कारण ते खाणाऱ्याकडे बघतं. पण ‘मी डोसा खाल्ला’ आणि ‘मी इडली खाल्ली’ म्हणताना ते खाल्लेल्या पदार्थाकडे बघायला लागतं. म्हणूनच नव्यानं मराठी बोलणारा माणूस ‘करतो, जातो, खातो’पर्यंत झकास चालतो आणि काल काय केलं हे सांगताना अडखळतो. सेल्फीचा वादही ‘आला की आली’, ‘काढला की काढली’ इथेच पेटतो.

पहिला हिशेब: शेवटचा स्वर

मराठी कान सगळ्यात आधी शब्दाचा शेवट ऐकतो. घोडा, आंबा, रस्ता, दरवाजा असे ‘आ’नं संपणारे अनेक शब्द पुल्लिंगी आहेत, आणि वाटी, छत्री, खुर्ची असे ‘ई’नं संपणारे पुष्कळ शब्द स्त्रीलिंगी. त्यामुळे पिझ्झा, सोफा, कॅमेरा हे आपोआप ‘तो’ झाले आणि बॅटरी, कंपनी, डायरी, पार्टी या ‘ती’. चहा ‘झाला’ आणि कॉफी ‘झाली’ याचंही कारण हेच. कर्नाटकातल्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच सापडतं: डोसा ‘आ’नं संपतो, इडली ‘ई’नं.

हा कानाचा हिशेब किती पक्का आहे, याचं जुनं उदाहरण म्हणजे बटाटा. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीजमध्ये ‘बटाटा’ स्त्रीलिंगी आहे. मराठीनं शब्द घेतला, लिंग घेतलं नाही. शेवटी ‘आ’ ऐकू आला आणि बटाटा ‘तो’ झाला. चावीसुद्धा पोर्तुगीजांचीच. तीही तिकडे स्त्रीलिंगी, पण इथे शेवटी ‘ई’ आल्यानं ‘ती’ चावी ‘ती’च राहिली.

एकदा लिंग ठरलं की पुढचं व्याकरण आपोआप चालतं. ‘दोन पिझ्झे मागव’, ‘जुने सोफे विकले’, ‘तिकिटं काढली’, ‘फायली लावून ठेवल्या’ असं आपण सहज बोलतो. घोड्याचे घोडे होतात तसे पिझ्झ्याचे पिझ्झे होतात. शब्द परका असला तरी त्याचं वळण मराठी होतं.

दुसरा हिशेब: अर्थानं जवळचा नातेवाईक

पण सगळे शब्द ‘आ’ किंवा ‘ई’नं संपत नाहीत. मग मराठी माणूस नकळत त्या वस्तूचा घरातला नातेवाईक शोधतो. बस, कार, बाइक, लोकल, मेट्रो या सगळ्या ‘ती’, कारण आपल्याकडे आधीच ‘ती गाडी’ आहे. ‘शुगर वाढली’ असं आपण म्हणतो, कारण साखर स्त्रीलिंगी. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू ‘झाला’, कारण ताप आणि आजार पुल्लिंगी.

दोन हिशेबांची टक्कर झाली तर? रिक्षा पाहा. मूळ जपानी शब्दातून आलेली रिक्षा ‘आ’नं संपते. कानाच्या नियमानं ती ‘तो रिक्षा’ व्हायला हवी होती. पण रिक्षा ही गाडी, म्हणून ती ‘ती’ झाली. इथे अर्थ जिंकला.

सेल्फीचं भांडण नेमकं हेच आहे. शेवटच्या ‘ई’कडे बघणारा ‘ती सेल्फी’ म्हणतो. सेल्फी हा फोटोचाच एक प्रकार, असं मानणारा ‘तो सेल्फी’ म्हणतो. टेबलावरचे दोघंही मराठीच्याच नियमांनी बोलत होते, फक्त दोघांनी वेगवेगळा नियम उचलला होता.

तिसरा हिशेब: आकार

मराठीत लिंगावरून आकारही कळतो. सुरा मोठा, सुरी लहान. डबा मोठा, डबी लहान. दोर जाड, दोरी बारीक. गाडा दणकट, गाडी हलकी. ट्रक, ट्रॅक्टर, डंपर आणि टेम्पो हे गाडीच्या कुटुंबातले असूनही ‘तो’ का, याचं एक उत्तर या गाडा-गाडीच्या जोडीत शोधता येईल. पण लगेच कोणीतरी विचारेल, मग ट्रकपेक्षा कितीतरी लांब असलेली ट्रेन ‘ती’ कशी? हा प्रश्न रास्त आहे. हे हिशेब म्हणजे कल आहेत, कायदे नाहीत.

एकमत होत नाही तेव्हा

भाषेत असं दुमत नवीन नाही. शालेय व्याकरणातच एकापेक्षा जास्त लिंगांत चालणाऱ्या शब्दांची यादी असते: बाग, ढेकर, तंबाखू, मजा, वेळ. एकोणिसाव्या शतकातल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही काही शब्दांपुढे एकाहून अधिक लिंगं दिलेली आढळतात.

कधी कधी हे दुमत उपयोगी पडतं. ‘माझा वेळ गेला’ म्हणजे काही तास वाया गेले, पण ‘माझी वेळ आली’ म्हणजे ठरलेला क्षण आला. शब्द एकच, लिंग बदललं की अर्थ बदलतो. इंग्रजीतून आलेल्या ‘पोस्ट’चंही तसंच झालं आहे. गावातलं पोस्ट ‘बंद झालं’ आणि समाजमाध्यमावरची पोस्ट ‘गाजली’. इथे ‘ते’ आणि ‘ती’ यावरून कशाबद्दल बोलणं चाललं आहे ते लगेच समजतं.

बाहेरून आलेल्या शब्दाला लिंग देताना दुसऱ्या भाषांचीही अशीच त्रेधा उडते. 2020 मध्ये कोविडचं लिंग कोणतं, हा प्रश्न फ्रान्समध्ये पडला. लोकांच्या तोंडी पुल्लिंगी रूप रुळलं होतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात फ्रेंच अकादमीनं मत दिलं की कोविड हा एक आजार आहे, आणि आजारासाठीचा फ्रेंच शब्द स्त्रीलिंगी असल्यानं कोविडही स्त्रीलिंगी धरावा. म्हणजे अकादमीनं वापरला तो ‘जवळच्या नातेवाइकाचा’ नियमच. मराठीत कोणाच्याही निर्णयाशिवाय ‘कोविड झाला’ हे रूप घरोघरी पोहोचलं.

मग चूक कोणाची?

इथे गमतीचा विषय थोडा गंभीर होतो. लिंगाच्या फरकावरून हसणं हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. कोल्हापूरकडची बाई ‘मी आलो’ म्हणते, विदर्भातली ‘मी आली’ म्हणते, पुण्यातली ‘मी आले’ म्हणते. प्रत्येकीला आपलं बरोबर वाटतं, कारण तिच्या घरात, तिच्या गावात तसंच बोलतात. पुस्तकी मराठीनं यातलं एक रूप प्रमाण मानलं. त्यामुळे परीक्षेत आणि सरकारी कागदावर ते चालतं, पण बाकीची रूपं अडाणीपणाची ठरत नाहीत.

मित्रांमधली चेष्टा दोन्ही बाजूंनी चालते, म्हणून ती बोचत नाही. नव्यानं मराठी शिकणाऱ्याचं तसं नसतं. हिंदी बोलणारा ‘माझा पाणी’ म्हणतो, कारण त्याच्या भाषेत पाणी पुल्लिंगी आहे. परदेशात वाढलेली नात आजीला ‘मी पोळी खाल्ला’ म्हणते, कारण शाळेत ती जी भाषा बोलते तिच्यात पोळीला लिंगच नाही. दोघांचाही अर्थ पूर्ण पोहोचलेला असतो. पण ऐकणारे हसले की पुढचं वाक्य हिंदीत किंवा इंग्रजीत येतं आणि हळूहळू मराठी वाक्यं येणंच थांबतं. एका प्रत्ययापायी एक बोलणारा माणूस गमावणं हा भाषेसाठी तोट्याचा व्यवहार आहे.

यावर साधा उपाय आहे. चूक दाखवण्याऐवजी उत्तरातच बरोबर रूप वापरायचं. नात ‘पोळी खाल्ला’ म्हणाली की आजीनं विचारायचं, “खाल्लीस? आवडली का?” दोनदा-तीनदा ऐकलं की कान आपोआप धरतो. मातृभाषा म्हणून मराठी बोलणारेही ती अशीच ऐकून शिकले, नियम पाठ करून नाही.

आणि नव्या शब्दांच्या बाबतीत तर सगळेच शिकाऊ असतात. सेल्फीचं लिंग सांगणारी आजी कोणालाच मिळालेली नाही. लोक बोलत राहतील आणि काही वर्षांनी एक रूप मागे पडेल, किंवा ढेकर-तंबाखूसारखी दोन्ही रूपं सुखानं नांदतील. तोवर कोणी कोणाला चूक म्हणण्यात अर्थ नाही.

हॉटेलातल्या त्या टेबलावर वाद मिटला नाही. वेटर हिशेब सांगायला आला: “दोन डोसे, दोन इडल्या, चार कॉफी.” कर्नाटकातल्या मित्रानं पैसे काढता काढता म्हटलं, “बघा, मला जमलं. मी डोसा खाल्ला, कॉफी प्यायली आणि बिल दिलं.” तीन वाक्यांत तीन लिंगं, तीनही बरोबर. टाळ्या पडल्या. मग फोन पुन्हा वर गेला आणि फोन धरणारीनं या वेळी सावधपणे असं वाक्य निवडलं की ज्यात लिंगाचा प्रश्नच येत नाही: “चला, अजून सेल्फी काढू या!”