ट्रान्सफॉर्मर आतून हलला आहे का? एसएफआरए टेस्टची ओळख

ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवर टक्क्यांमध्ये इम्पीडन्स छापलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. पण तो आकडा फक्त 50 हर्ट्झचा. फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की तोच ट्रान्सफॉर्मर वेगळा वागतो. वाइंडिंगचे वेढे म्हणजे इंडक्टन्स. वेढ्या-वेढ्यांमध्ये आणि वाइंडिंग-टाकीमध्ये कपॅसिटन्स. वाइंडिंग जरा सरकली की ही अंतरं बदलतात, आणि रेझोनन्सच्या जागाही. एसएफआरए टेस्ट नेमकं हेच पकडते.

वाइंडिंगच्या एका टोकाला काही व्होल्टचा सिग्नल द्यायचा, साधारण 20 हर्ट्झपासून 2 मेगाहर्ट्झपर्यंत, आणि दुसऱ्या टोकाला किती पोचला ते डेसिबलमध्ये मोजायचं. ढोबळ मानाने 2 किलोहर्ट्झच्या खाली कोअर बोलतो, 20 ते 400 किलोहर्ट्झमध्ये वाइंडिंगचा आकार, त्याच्या वर लीड आणि केबलचं अर्थिंग. म्हणून वरच्या टोकाला फरक दिसला तर ट्रान्सफॉर्मरला दोष देण्याआधी अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडला होता का ते बघा!

बाहेरच्या दोन फेजना खालच्या फ्रिक्वेन्सीला दोन खड्डे दिसतात, मधल्या फेजला एकच. नवीन मुलं इथे घाबरतात. घाबरू नका, मधल्या लिंबचा फ्लक्स दोन्हीकडे सारखा वाटला जातो, म्हणून तसं होतं.

आमची फजिती सांगतो. 220 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवरून आला, वाटेत इम्पॅक्ट रेकॉर्डरने एक जोराचा धक्का नोंदवला होता. तेल भरून एसएफआरए घेतली, तर पहिला खड्डा कारखान्यातल्या आलेखापेक्षा उजवीकडे! परत पाठवायचा तर कित्येक महिने गेले असते. सगळे गप्प. मग एका टेक्निशियनने आठवण करून दिली की सकाळी डीसीवर वाइंडिंग रेझिस्टन्स घेतला होता. कोअरमध्ये चुंबकत्व उरलं होतं, त्यामुळे इंडक्टन्स कमी झाला होता. डीमॅग्नेटाइझ करून पुन्हा घेतली, आलेख जुळला. वाइंडिंगचा पट्टा तर पहिल्यापासूनच जुळत होता, पण आमची नजर तिकडे गेलीच नाही.

तेव्हापासून मी एसएफआरए आधी घेतो, डीसी टेस्ट नंतर. रिपोर्टवर टॅप पोझिशन लिहितो आणि तेल होतं की नव्हतं तेही. तेलाशिवाय कपॅसिटन्स कमी होतो आणि सगळे रेझोनन्स उजवीकडे सरकतात. त्यामुळे ट्रेलरवरून नुकत्याच उतरलेल्या, तेल नसलेल्या ट्रान्सफॉर्मरची तुलना कारखान्यात तेल काढल्यावर घेतलेल्या आलेखाशीच करा. तो आलेख ऑर्डर देतानाच मागून ठेवा, नंतर मिळत नाही.